डॉक्टर बॉब स्मिथ : मद्यपाशांतून सुटलेला वैद्य

महोत्सवाच्या निमित्तानें आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या चाळण्याचें काम आमच्याकडे आलें. बाप्तिस्म्याची वही पाहून मन प्रसन्न झालें. विवाहाच्या वहीनें कित्येक ओळखीचे चेहरे डोळ्यांपुढें उभे केले. परंतु मृत्यूची वही हातीं घेतली आणि आम्ही मध्येंच थांबलों. तींत अनेक नांवें अशा पुरुषांचीं आढळलीं, कीं ज्यांनीं पन्नाशी पाहिली नाहीं. मरणाचें कारण कोठें कावीळ, कोठें ताप, कोठें अपघात असें लिहिलेलें आहे. खरें कारण त्यांच्या विधवांस ठाऊक आहे, आणि ज्यांनीं त्यांच्यावर अंत्यविधि केला त्या आम्हांसही ठाऊक आहे. उत्सवाच्या पुस्तकांत आनंदाच्या गोष्टी असाव्यात हें खरें. तथापि त्या बांधवांच्या स्मरणार्थ एका वैद्याचें चरित्र येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचा सिंदेवाहीचा मुलूख भाताचा आणि जंगलाचा. उन्हाळ्याच्या तोंडाशीं मोहफुलांचा सडा पडतो. बायामुलें पहाटेच टोपल्या घेऊन निघतात. तें झाड गरिबाचें पोट भरतें. पण त्याच फुलांची भट्टी लागली म्हणजे तें घर उठवितें. हा दोष झाडाचा नव्हे. तो केवळ कायद्यानें नाहींसा होणाराही नव्हे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालीं दारूबंदी झाली; आमच्या चंद्रपूर जिल्ह्यांत ती १ एप्रिल २०१५ रोजीं आली आणि २०२१ सालीं उठली. बंदीसाठीं आमच्या मायबहिणींनीं मोठे मोर्चे काढले, त्यांचे श्रम आम्ही थोर मानतों. परंतु बंदी असतां काय, नसतां काय, ज्याच्या अंगांत ही तहान शिरली त्यानें काय करावें, हा प्रश्न उरतोच. त्याचें उत्तर ज्याच्या आयुष्यानें दिलें, तो मनुष्य स्वतः दारुडा होता.

रॉबर्ट हॉलब्रुक स्मिथ यांचा जन्म ८ ऑगस्ट १८७९ रोजीं अमेरिकेंतील व्हर्मांट प्रांतांत, सेंट जॉन्सबरी या गांवीं झाला. वडील न्यायाधीश होते. आईबाप प्रॉटेस्टंट पंथाचे व फार धर्मनिष्ठ. ते मुलास आठवड्यांतून चार-पांच वेळां प्रार्थनेस नेत. ही सक्ती मुलास इतकी जाचली, कीं मोठेपणीं आपल्या इच्छेनें देवळांत पाऊल टाकावयाचें नाहीं, असा निश्चय त्यानें केला व तो पुष्कळ वर्षें पाळलाही. धाक दाखवून भक्ति शिकवूं पाहणाऱ्या आईबापांनीं, आणि आम्हां धर्मगुरूंनींही, हें ध्यानांत ठेवावें.

डार्टमथच्या महाविद्यालयांतून ते १९०२ सालीं पदवीधर झाले. तेथें मित्रमंडळींत सर्वांहून अधिक बिअर पिऊनही सकाळीं त्यांचें डोकें दुखत नसे. याचा त्यांस अभिमान वाटे; सोबतीही वाहवा करीत. पण ज्यास दारू सहज चढत नाहीं, त्याचाच पाय तींत अधिक खोल रुततो. तीन वर्षें व्यापारांत घालवून ते वैद्यकीच्या शिक्षणास लागले, तोंवर सकाळीं हात कांपूं लागले होते. मिशिगनचें विद्यापीठ त्यांस सोडावें लागलें. पुढें शिकागोच्या रश महाविद्यालयांत ते गेले. तेथें एका परीक्षेंत हात स्थिर न राहिल्यामुळें त्यांनीं तीन कोऱ्या वह्या परत दिल्या. मद्याचा थेंबही न घेतां आणखी दोन सत्रें काढावीत, या अटीवर त्यांस ठेवून घेतलें. त्यांनीं ती अट पाळली आणि १९१० सालीं ते डॉक्टर झाले. दारूबाजास मुळींच निश्चयशक्ति नसते, असें जे म्हणतात, त्यांनीं हा प्रसंग पाहावा. निश्चय होता, तो कांहीं महिने टिकेही, पण जन्मभर पुरेल एवढा नव्हता.

ओहायो प्रांतांतील अ‍ॅक्रन शहरीं, जेथें मोटारींच्या रबरी टायरांचे मोठे कारखाने होते, तेथें त्यांनीं दोन वर्षें रुग्णालयांत उमेदवारी केली व १९१२ पासून स्वतःचा दवाखाना चालविला. थोड्याच काळांत दारू पुन्हां आली. स्वतःस आवरण्यासाठीं ते निदान बारा वेळां उपचारगृहांत जाऊन राहिले. एकदां तर वडिलांना माणूस पाठवून त्यांस गांवीं आणवावें लागलें. तेथें दोन महिने त्यांनीं अंथरूण सोडलें नाहीं. १९१५ सालीं अ‍ॅन रिप्ले या बाईंशीं त्यांचा विवाह झाला. शाळकरी वयापासूनची ओळख. बाईंनीं सुमारें सतरा वर्षें वाट पाहिली होती.

१९२० सालीं सबंध अमेरिकेंत दारूबंदी झाली. आतां दारू मिळणारच नाहीं, मग थोडी प्यालों तर काय बिघडतें, अशा विचारानें डॉक्टरांनीं आधीं मनमुराद पिऊन घेतलें. मागाहून त्यांस कळलें, कीं वैद्यास औषध म्हणून मद्य मिळतें, आणि चोरून विकणारे तर दाराशींच येतात. १९३३ सालीं बंदी उठली. केवळ बिअर प्यावी, तिनें कोणी बिघडत नाहीं, अशी नवी युक्ति त्यांनीं काढली. पत्नीनें भोळेपणानें संमति दिली. आणि तळघर बाटल्यांनीं भरलें. बंदी येतांना एक निमित्त, उठतांना दुसरें. आमच्या जिल्ह्यानें हेंच नुकतें पाहिलें आहे.

बाटल्या लपविण्यांत डॉक्टरांची बुद्धि फार चाले. कोळशाच्या खोलींत, दाराच्या चौकटीवर, पायमोज्यांत, कोठेंही बाटली असे. दोन भयें त्यांस रात्रंदिवस छळीत: एक झोंप न येण्याचें, दुसरें दारू संपण्याचें. झोंपेसाठीं पिणें, पैशासाठीं सकाळीं शुद्धीवर येऊन रोगी तपासणें, संध्याकाळीं पुन्हां पिणें, असा सतरा वर्षें क्रम चालला. रोगी कमी झाले, घरावर कर्ज चढलें. दोन मुलें वाढत होतीं. पत्नीस शेकडों वेळां दिलेलें वचन शेकडों वेळां मोडलें. देतांना तें खोटें नसे, हें त्यांतलें दुःख.

१९३३ च्या सुमारास पत्नीच्या आग्रहानें ते ऑक्सफर्ड मंडळी नांवाच्या एका ख्रिस्ती प्रार्थनामंडळांत जाऊं लागले. त्या लोकांची शांत मुद्रा त्यांस आवडली. अडीच वर्षें त्यांनीं धर्मग्रंथ वाचले, प्रार्थना केल्या, बैठकी चुकविल्या नाहींत, आणि प्रत्येक बैठकीहून परत येऊन दारूही प्याले. आम्हांस या चरित्रांतील हाच भाग सर्वांत बोधप्रद वाटतो. येथें वैद्यकाचें ज्ञान होतें, पत्नीचें प्रेम होतें, प्रार्थना होती, मंडळीही होती. मग उणें काय होतें? त्या मंडळींत आपल्या एका गोष्टीविषयीं ते गप्प बसत. शेवटीं १९३५ सालीं एका बैठकींत त्यांनीं आपण चोरून पितों व आपल्यास थांबवत नाहीं, असें उघड सांगितलें. सर्वांनीं गुडघे टेंकून त्यांच्यासाठीं प्रार्थना केली. प्रार्थनेचें फळ कोणत्या रूपानें येईल, हें मात्र कोणासच ठाऊक नव्हतें.

तें आलें बिल विल्सन नांवाच्या परक्या माणसाच्या रूपानें. हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारांतला गृहस्थ, वय एकोणचाळीस, तोही दारूनें धुळीस मिळालेला, पण पांच महिन्यांपासून कोरडा. त्या पांच महिन्यांत त्यानें अनेक दारुड्यांस उपदेश केला होता. त्यांपैकीं एकही सुधारला नाहीं. परंतु उपदेश करणारा स्वतः मात्र वांचला होता. मे महिन्यांत तो धंद्याच्या कामासाठीं अ‍ॅक्रनला आला आणि काम फसलें. शनिवारचा दिवस, परकें गांव, खिसा रिकामा, आणि खाणावळीच्या दिवाणखान्यांतून शेजारच्या मद्यशाळेंतील हंशाचे आवाज येत होते. पाय तिकडे वळूं लागले. त्याच क्षणीं त्यास सुचलें, कीं आपल्यास आज दुसऱ्या दारुड्याची गरज आहे. त्यास वांचविण्यासाठीं नव्हे, स्वतः वांचण्यासाठीं. तेथेंच चर्चच्या यादीवरून त्यानें एका पाळकास दूरध्वनि केला व विचारपूस करीत करीत हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोंचला. या बाई डॉक्टरांसाठीं प्रार्थना करणाऱ्यांपैकींच होत्या.

त्याच शनिवारीं डॉक्टर बॉब मातृदिनाच्या भेटीसाठीं फुलझाडाची कुंडी घेऊन घरीं आले. कुंडी मेजावर ठेविली आणि स्वतः जमिनीवर पडले. म्हणून भेट दुसऱ्या दिवशीं, १२ मे १९३५ रोजीं, संध्याकाळीं पांच वाजतां ठरली. पाव तासाहून अधिक बसणार नाहीं, असें पत्नीकडून कबूल करून घेऊन डॉक्टर गेले. उठले ते रात्रीं अकरा वाजून गेल्यावर.

त्या सहा तासांत काय घडलें? बिलनें उपदेश केला नाहीं. दारूचे दुष्परिणाम सांगितले नाहींत; ते डॉक्टरांस अधिक ठाऊक होते. त्यानें केवळ आपली हकीकत सांगितली: कसा प्यालों, कसा लपविलें, कशा शपथा मोडल्या. ज्यास ही व्यथा स्वतःच्या देहानें माहीत आहे, असा मनुष्य डॉक्टरांस जन्मांत प्रथमच भेटला. आणि असाही, ज्यास ऐकणाऱ्याची तितकीच गरज होती. देणारा वरच्या पायरीवर व घेणारा खालच्या पायरीवर, असा भेद तेथें उरला नाहीं.

तरीही डॉक्टर आणखी एकदां पडले. एका वैद्यकीय परिषदेस जातांना गाडींतच प्यावयास लागले आणि कांहीं दिवसांनीं बेशुद्ध स्थितींत परत आले. बिलनें व पत्नीनें त्यांची शुश्रूषा केली. त्यांस एक शस्त्रक्रिया करावयाची होती. त्या सकाळीं हात स्थिर राहावा म्हणून बिलनें त्यांस एक बिअर दिली, तीच शेवटची. शस्त्रक्रिया झाली, पण डॉक्टर घरीं येईनात. घरचीं माणसें घाबरलीं. रात्रीं आल्यावर कळलें, कीं ते दिवसभर आपल्या सावकारांकडे व ज्यांचें वाईट केलें त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागत व भरपाईचें वचन देत हिंडत होते. तो दिवस १० जून १९३५ मानतात, आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे निनांवी मद्यपी, या मंडळाचा जन्मदिवसही तोच.

पापनिवेदनाच्या संस्कारांत वाढलेल्या आमच्या वाचकांस ही वाट अनोळखी वाटणार नाहीं: आपली दुर्बलता मान्य करणें, देवाच्या स्वाधीन होणें, मनाची झडती घेणें, दुसऱ्याजवळ दोष बोलणें, भरपाई करणें. यांतूनच त्या मंडळाच्या बारा पायऱ्या झाल्या व १९३९ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाल्या. सेंट लुईचे येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग यांस त्या पायऱ्यांत संत इग्नाती यांच्या आध्यात्मिक साधनेचें साम्य दिसलें, आणि ते १९४० सालीं मुद्दाम बिलच्या भेटीस गेले. अर्थात् मंडळाची बैठक म्हणजे संस्कार नव्हे. पापक्षमा देण्याचा अधिकार तेथें कोणी सांगत नाहीं. प्रारंभीं हें मंडळ ऑक्सफर्ड मंडळींत मिसळलेलें असल्यानें कॅथोलिक बांधवांस तेथें जाण्यास अडचण येई. १९३९ सालीं क्लीव्हलंड येथें तें वेगळें झालें, आणि आमच्या लोकांसाठीं दार मोकळें झालें.

पुढें दोघे मिळून अ‍ॅक्रनच्या रुग्णालयांत तिसऱ्या माणसाकडे गेले. हा एक वकील. सहा महिन्यांत आठव्यांदा भरती झालेला, परिचारिकांस मारल्यामुळें खाटेस बांधलेला. तो ४ जुलै रोजीं बाहेर पडला व पुन्हां कधींही प्याला नाहीं. १९३७ च्या अखेरीस त्यांनीं मोजदाद केली, तेव्हां चाळीसच्या आसपास माणसें कोरडीं राहिलेलीं आढळलीं.

येथें एका धर्मभगिनीचें नांव घेतलेंच पाहिजे. सिस्टर इग्नेशिया यांचा जन्म १८८९ सालीं आयर्लंडांत झाला. त्या संगीत शिकवीत. प्रकृति ढांसळल्यामुळें त्यांस अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत रोगी दाखल करून घेण्याचें हलकें काम दिलें होतें. दारुड्यांस त्या काळीं रुग्णालयें दारांतूनच परत लावीत. १९३९ च्या ऑगस्टमध्यें डॉक्टर बॉब यांनीं एका दारुड्यास घेण्याची विनंति केली. सिस्टरांनीं पोटाचा विकार अशी नोंद करून त्यास आंत घेतलें व इतरांपासून वेगळें ठेवण्यासाठीं त्याची खाट फुलें रचण्याच्या लहान खोलींत लोटली. तेथून तें कार्य वाढलें. रोगी पांच दिवस राही. पूर्वीचे मद्यपी येऊन त्यास आपली हकीकत सांगत. निघतांना सिस्टर त्यास येशूच्या परमपवित्र हृदयाचें लहानसें चिन्ह देत आणि पहिला प्याला घेण्यापूर्वीं तें आपल्यास परत आणून द्यावें, एवढेंच मागत. या दोघांनीं दहा वर्षांत सुमारें पांच हजार रोगी सांभाळले. त्यांजकडून डॉक्टरांनीं आपल्या सेवेचा पैसा घेतला नाहीं.

सिस्टरांचें हें दार वाचतांना आम्हांस आमचें दार आठवतें. अनेक वर्षें आमची पद्धत अशी होती, कीं कोणाची बायको रडत आली म्हणजे नवऱ्यास बोलावून वेदीसमोर क्रुसावर हात ठेववून शपथ घ्यावयाची. एका बांधवानें अशी शपथ तीनदां घेतली व तीनदां मोडली. चौथ्या वेळीं तो रात्रीं पिऊन आमच्या दाराशीं आला. आम्हीं आंतूनच सांगितलें, शुद्धीवर आल्यावर ये. तो पुन्हां आला नाहीं. त्याच पावसाळ्यांत धानाच्या बांधाजवळ त्याचें शव सांपडलें. त्याचें नांव त्या वहींत आहे, आणि तें आमच्याच हस्ताक्षरांत आहे. शपथ वाईट नव्हे. पण शपथ मोडल्यावर जावें कोठें, हें आम्हीं त्यास कधीं सांगितलें नव्हतें.

डॉक्टर बॉब यांस पहिलीं अडीच वर्षें दारूची तहान जवळजवळ सतत छळीत होती, हें त्यांनीं लपविलें नाहीं. म्हणून ज्यास बैठकीस जाऊनही इच्छा होते, त्यानें निराश होऊं नये. ते शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचन वाचीत, आणि नव्या दारुड्यांजवळ जाऊन बसत. अ‍ॅनबाई येणाऱ्यांस कॉफी देत व त्यांच्या बायकांस धीर देत. त्या १ जून १९४९ रोजीं निवर्तल्या. डॉक्टर कर्करोगानें पोखरले गेले असतांही जुलै १९५० मध्यें क्लीव्हलंडच्या मोठ्या मेळाव्यास गेले व थोडक्यांत तीन गोष्टी सांगून आले: हें काम साधें राहूं द्या, प्रेम व सेवा विसरूं नका, जीभ सांभाळा. १६ नोव्हेंबर १९५० रोजीं त्यांनीं देह ठेविला. अ‍ॅक्रन येथें त्यांच्या थडग्यावर त्या मंडळाचा एका शब्दानेंही उल्लेख नाहीं.

हें मंडळ १९५७ सालीं मुंबईंत आलें; आज महाराष्ट्रांत मराठींतूनही त्याच्या बैठकी भरतात. पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनीं मुक्तांगण ही संस्था काढली. तेथेंही बरे झालेले लोक नव्यांस हात देतात. बैठकीस जाणाऱ्याच्या मनांत भीति असते, म्हणून थोडें सांगतों. फी नाहीं. आडनांव, जात, धर्म कोणी विचारीत नाहीं. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. एकेक जण आपली हकीकत सांगतो, बाकीचे न टोकतां ऐकतात. पहिल्या दिवशीं नुसतें बसलें तरी चालतें. जन्मभराची शपथ कोणी घालीत नाहीं. आजचा दिवस न पिण्याचें बोलतात. बायकांसाठीं व घरच्यांसाठीं अल्-अनॉन नांवाच्या वेगळ्या बैठकी असतात. मात्र जो रोज पुष्कळ पितो, त्यानें एकाएकीं सोडण्यापूर्वीं सरकारी दवाखान्यांत जावें. अंग कांपणें, झटके, भ्रम यांनीं जीवास धोका होतो. यांत लाज नाहीं. हा रोग आहे, असें स्वतः डॉक्टर असलेल्या बॉब यांनींही मानलें.

कोणी म्हणेल, नागपूर दूर, पुणें त्याहून दूर, आमच्या खेड्यांत बैठक कोठली? बंधूंनो, पहिली बैठक दोघांचीच होती. दोघे जण खरें बोलावयास बसले कीं बैठक झाली. शाळेची खोली दर रविवारीं मिस्सेनंतर आम्ही त्यासाठीं उघडी ठेवूं. चहा आम्ही करूं आणि बाहेर जाऊं, कारण तेथें आमचें काम नाहीं. रात्रीं कोणी पिऊन दाराशीं आला, तर आतां आम्ही दार उघडूं.

ज्यांचीं नांवें त्या वहींत आहेत, त्यांच्या आत्म्यांस प्रभु चिरशांति देवो. आणि जे अजून आमच्यांत आहेत, त्यांस तो आजच्या दिवसापुरतें बळ देवो. उद्यांचें आम्ही उद्यां मागूं.